ओविडिओच्या दंडावरची सूज

यारुमालच्या आमच्या डोंगरात सगळं विसरायला लावणाऱ्या त्या आजाराला ‘बोबेरा’ म्हणतात, म्हणजे बावळटपणा. आजीला चव्वेचाळिसाव्या वर्षी लागला, आईलाही त्याच वर्षी. आता आई घेवडा सोलते, दाणे कोंबड्यांना टाकते आणि सालं पातेल्यात.

मी एकेचाळीसची, धाकटा भाऊ ओविडिओ अडतीसचा. नव्या औषधाच्या चाचणीसाठी दर पंधरवड्याला आम्ही बसने मेदेयीन शहरात उतरून दंडात सुई घेतो. नर्स मार्लेनीने पहिल्याच दिवशी समजावलं होतं: मेंदूत गाळ साचतो, तो ओळखून उचलणारे राखणदार सुईतून आत सोडायचे. पण ज्यांच्या रक्तात आजार नाही, त्यांना नुसतं पाणी. ज्यांच्यात आहे, त्यांतल्याही काहींना पाणीच. कुणाला काय, ते तिलाही ठाऊक नाही.

आम्हाला कुठला धीर. परतीच्या बसमध्ये बाह्या सारून दंडाला दंड लावून बघायचो.

“तुझं पाणी, ताई, माझंही पाणी. एक तळं झालं असतं एव्हाना.”

या खेपेला मात्र उकाड्यातही त्याची बाही खालीच.

“दाखव.”

“डास चावलाय.”

“दाखव म्हणते ना.”

छोट्या अरेपाएवढी, मक्याच्या भाकरीएवढी लालबुंद सूज. मी बोट ठेवलं, तर गरम.

“मार्लेनी म्हणाली, पाण्यानेही कधीकधी सुजतं,” तो म्हणाला.

“तुला पटलं?”

“शहर सुटेपर्यंत पटलं होतं.”

सूज म्हणजे औषध, आणि औषध म्हणजे आजार रक्तात. गोड मानावं की कडू, मला कळेना. एवढंच कळलं, की माझा दंड सपाट आहे आणि तो एकटा पडलाय.

घरी पोचताच मी कुंपणाकडे गेले, खाजरी पानं तोडली, दंडावर घासली. चुलीपाशी येऊन बाही वर केली. “बघ, मलाही.”

त्याने वास घेतला. “ताई, राखणदारांना पाल्याचा वास येत नाही गं. आणि मार्लेनी हे वहीत काय म्हणून लिहील?”

“खरं सांगेन तिला.”

“आधी खाजवणं थांबव.”

तो हसला.

आई सालांचं पातेलं ढवळत होती. डाव ठेवून ती आमच्याकडे आली. माझ्या दंडाकडे तिने पाहिलंही नाही. त्याच्या सुजेवर तळवा टेकवला आणि दाराला कान लावावा तशी मान कलती केली.

“कुणीतरी आलंय,” ती म्हणाली.

ओविडिओने तिचा हात तिथेच धरून ठेवला. “हो, आई. येऊ दे आत.”