पाहुण्यांचा हरभरा

माघातली सकाळ. धुक्याचे दुधाळ वस्त्र हळूहळू फेडीत तळे जागे होत होते. कमळपानांवर दव, दवावर ऊन. पाण्यावर अजून कशाचेच ओझे नव्हते.

सारंगतळीचा इतिहास या तळ्यापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. तृषार्त, भटक्या मूळपुरुषाला आकाशीच्या करकोच्यांनी हे पाणी दाखवले म्हणे. काठावर त्याची वीरगळ आहे. तो नेमका कोणाचा मूळपुरुष, यावर सगळी घराणी अजून भांडतात. एकमत आहे ते एकाच गोष्टीवर. माघात करकोचे ज्याच्या रानात प्रथम उतरतील, त्याने त्यांना हुसकावायचे नाही. म्हणून सारे गाव भक्तिभावाने त्यांची वाट पाहते, आणि आपापल्या रानात बुजगावणी उभारते.

येसाजी धुमाळांनी तर बुजगावण्याला आपला लग्नातला कोट चढवला होता. त्यांचा हरभरा साधा नव्हता. पत्नी अनसूयाबाईंच्या माहेरचे, राखेत जपलेले, गारपिटीतून ओंजळभर उरलेले ते वाण. पंचक्रोशीत दुसरीकडे कुठेच नाही.

आणि धुके फाटले. धूसरपंखी, दीर्घकंठी, कानांमागे शुभ्र तुरे मिरवणारी ती माळ आली, वळली, रेंगाळली. आणि थेट कोटाच्या पायाशी उतरली.

शेजारचा नरहरी बांधावर हजरच होता. "अण्णा, पाहुण्यांना पाणी तरी विचारा! कोट बघून लग्नघर समजले बिचारे."

येसाजींनी गोफण उचलली. एक दगड, फक्त एक, आणि वाण वाचले असते. पण तळे चकाकत होते, वीरगळ पाहत होती, आणि नरहरीही.

"अहो, ठेवा ती खाली," मागून अनसूयाबाई आल्या. "हुसकायचं नाही, एवढंच ठरलंय ना? पंगतीला बसायचं नाही, असं कुठं ठरलंय?"

पदर खोचून त्या दुसऱ्या टोकाला बसल्या. पिवळट, भरल्या घाट्यांची झाडे उपटू लागल्या. येसाजी क्षणभर घुटमळले. मग कुरकुरत्या गुडघ्यांनी त्यांच्या शेजारी बसले.

तिकडून चोची, इकडून बोटे. तिकडून पंखांची सळसळ, इकडून काकणांची किणकिण. मधली पट्टी अरुंद झाली, अरुंद होत गेली, आणि अनसूयाबाईंची ओटी पुढच्या पेरणीने जड झाली.

शेवटी एकच झाड उरले. त्यांनी हात आखडला. समोरच्या पक्ष्याने मान. दोघांच्या मध्ये, उन्हाने काठोकाठ भरलेले, ते झाड नुसते डुलत राहिले.