मास्तरांच्या नडगीत चिणलेली मी

मित्रांनो, मी एका शिंपीमास्तरांच्या हाडातली मूळ पेशी, वयाने त्यांच्याएवढीच जुनी. मोडलेलं हाड भरून यायला नवं हाड लागतं आणि ते आमच्यासारख्या पेशींपासूनच तयार होतं. माझा जन्म मास्तरांच्या कमरेच्या हाडातल्या मऊ मज्जेत झाला. तिथे मी साठ वर्षं जवळजवळ बसून खाल्लं, हे कबूल करते. मास्तर लहान होते तेव्हा आम्ही पुष्कळ जणी होतो. माणसाचं वय वाढतं तशा आम्ही विरळ होत जातो.

एके दिवशी मास्तर दुकानाच्या जिन्यावरून घसरले आणि त्यांची उजवी नडगी मोडली. नडगीतल्या माझ्या बहिणी लगेच जाग्या झाल्या. एकीच्या दोन, दोघींच्या चार होत त्यांनी मोडक्या टोकांमध्ये आधी कूर्चा बांधली. कूर्चा म्हणजे तुमच्या नाकाच्या शेंड्याला हाताला लागते तशी, लवचिक. पक्कं हाड तिच्या जागी मागाहून येतं. कापडाला आधी कच्चा टाका घालतात, तसंच हे. गिऱ्हाइकाने कोट घालून बघताना बाही ओढली की मास्तर त्याला दटावत, ते याच कच्च्या टाक्यापायी.

घरात मास्तर आणि त्यांची लेक, दोघंच. लेकीला दूरच्या थंड शहरात नकाशे काढण्याच्या कचेरीत नोकरी लागली होती. जायला दोन महिने उरले होते आणि तिचा कोट आपल्याच हातून व्हावा, असं मास्तरांनी मनाशी धरलं होतं. डॉक्टरांनी तीन महिने पायावर जोर देऊ नका म्हणून बजावलं होतं. पण सहाव्या आठवड्यात दुखणं थांबलं. लेक बाहेर गेली की मास्तर पायाच्या आधाराचे पट्टे सैल करून मशीनवर बसू लागले. एकट्या डाव्या पायाने पायडल नीट चालेना, म्हणून त्यांनी उजवाही लावला. असं आठवडाभर चाललं. माझ्या बहिणींनी बांधलेलं फाटत गेलं. त्या पुन्हा बांधत आणि ते पुन्हा फाटे. शेवटी त्यांची ताकद संपली.

डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, की हाड धरलंच नाही, तेव्हा मास्तरांनी लेकीसमोर मशीन चालवल्याचं कबूल केलं. लेकीने जाणं पुढे ढकललं, मग आणखी पुढे ढकललं, आणि नोकरी हातची गेली. ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "बाबा, कच्च्या टाक्यावर ओढू नये, हे तुम्हाला कुणी सांगायला हवं होतं का?"

"दुखत नव्हतं गं," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, जुळलं." मला त्यांची फार कीव आली.

सात महिने तसेच गेले. मग डॉक्टरांनी कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा ओढून घेतली आणि ती नडगीच्या फटीत सोडली. त्या मज्जेत मी होते. आजूबाजूला दमलेल्या बहिणी पाहून मला साठ वर्षांच्या आरामाची लाज वाटली. मी वाढले, हाड घडवणारी झाले आणि भोवती थर रचत गेले. त्या थरांतच मी चिणले गेले. आता मला बाहेर जाता येणार नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण या खेपेला मास्तरांनी चार महिने पाय जमिनीला लावला नाही. लेक दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज लिहीत बसे आणि ते शेजारी नुसते बसून राहत.

मित्रांनो, दुखणं थांबलं म्हणजे आमचं काम संपलं, असं समजू नका. आम्हाला हाका मारता येत नाहीत. आम्हाला लागतो तेवढा वेळ द्या, म्हातारी माणसं असतील तर थोडा जास्तच द्या.

लेकीला पुन्हा नोकरी लागली. निघायच्या दिवशी तिने नको नको म्हटलं, तरी मास्तरांनी तिची बॅग उचलली आणि गाडीपर्यंत चालत नेली. चिणलेल्या जागी मला प्रत्येक पावलाचा भार कळत होता, मास्तरांचा आणि त्या बॅगेचाही. बॅग चांगलीच जड होती. मी हलले नाही.