जीवन सोनकांबळेची शिफारस

महिपत भुवडांनी एकवीस वर्षं भाईंदरच्या एका स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात खराब माल शोधून बाजूला काढायचं काम केलं. त्या सवयीने त्यांना चांगलं काही दिसेनासंच झालंय, असं त्यांची बायको आशा म्हणायची. मग मालकांनी कारखाना गुजरातेत हलवला आणि त्रेपन्नाव्या वर्षी भुवड सिल्व्हर पार्कच्या घरात बसून आमटीतल्या चुका काढू लागले.

चार महिन्यांनी आशानेच मुलीला गळ घातली, की बाबांना कुठेतरी चिकटव. संजना एका कंपनीत माणसं भरती करायच्या खात्यात होती. तिने एका रविवारी बाबांना शर्ट इन करायला लावला, भिंतीसमोर उभं करून फोटो काढला आणि लिंक्डइनवर त्यांचं खातं उघडलं. नावाखाली तिने ‘क्वालिटी लीडर’ असं टाकलं. भुवडांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि हा कोण, म्हणून विचारलं.

पण गडी एकदा कामाला लागला की लागला. जुन्या कारखान्यातली माणसं शोधून त्यांनी आठवड्यात अकरा जणांना पत्रं पाठवली. पत्रं ‘महोदय’पासून सुरू व्हायची आणि नोकरीच्या विनंतीवर संपायची. चौघांनी नुसता अंगठा दाखवला. पूर्वीच्या मॅनेजरांनी ‘भेटून आनंद झाला’ असं इंग्रजीत कळवलं. भेट काही झाली नव्हती. एकाने मात्र लगेच फोन केला आणि अर्धा तास विम्याची माहिती दिली.

संजनाने ती पत्रं पाहिली आणि कपाळाला हात लावला. तिने समजावलं, की पहिल्याच पत्रात नोकरी मागायची नसते. आधी आपण द्यायचं. बरोबर काम केलेल्या माणसाबद्दल दोन चांगले शब्द त्याच्या पानावर लिहायचे. मग तोही आपल्याबद्दल लिहितो आणि चार कंपन्या ते वाचतात.

हा हिशोब भुवडांना पटला. प्रश्न एवढाच होता, की चांगले शब्द लिहावेत असं कोणी आठवेना. शेवटी त्यांना जीवन सोनकांबळे सापडला. चौदा वर्षं तो त्यांच्या हाताखाली होता. आता भाईंदरजवळच्या मुर्धा गावात एका लहान गाळ्यात चेकिंग करत होता. साधा माणूस, लगेच परतफेड करील, असं त्यांना वाटलं.

मनमिळाऊ, मेहनती, वक्तशीर, एवढं लिहून झालं आणि पेन अडलं. मग त्यांना परदेशी जाणाऱ्या टिफिनांचा तो माल आठवला. जीवनने झाकण बोटाने वाजवलं होतं आणि आवाज बरोबर नाही म्हणून पॅकिंग थांबवलं होतं. भुवडांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. नंतर भिंगाखाली पाहिलं तर झाकणांच्या कडेला केसाएवढी चीर. संध्याकाळी मालकांनी पाठ थोपटली ती भुवडांची, आणि त्यांनी ती थोपटून घेतली.

हे सगळं त्यांनी लिहिलं. ‘त्या दिवशीची शाबासकी त्याची होती, मी घेतली,’ हेही लिहिलं. इंग्रजी करताना संजनाने ते वाक्य गाळूया म्हणून परोपरीने सांगितलं. त्याने तुमचंच नुकसान होईल, म्हणाली. भुवड म्हणाले, राहू दे.

तीन आठवड्यांनी वसईच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. समोर मिनल नावाच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी भुवडांच्या अनुभवाबद्दल पाच मिनिटं विचारलं आणि मग फोन उघडून पुढे सरकवला.

“हे सोनकांबळेंबद्दल तुम्ही लिहिलंय. असं लोक सगळ्यांबद्दल लिहितात. हे कितपत खरं आहे?”

नोकरी एकच होती, हे भुवडांना कळत होतं. लिहिताना जरा वाहवत गेलो, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

“खरं आहे,” ते म्हणाले. “उलट कमीच लिहिलंय.”

मग बाईंनी जीवनचा नंबर मागितला आणि त्यांनी तो दिला. घरी येऊन, नेटवर्किंग फार छान चालतं, जीवनला नोकरी लागतेय, असं त्यांनी संजनाला सांगितलं. त्या दिवशी आमटीला त्यांनी नाव ठेवलं नाही. आशाला त्याचीच काळजी वाटली.

पुढच्या रविवारी जीवन आणि त्याची बायको पंचशीला पेढे घेऊन आले. जीवन खुर्चीच्या टोकावर बसला. वसईची जागा भुवडसाहेबांनीही मागितली होती, हे त्याला रुजू व्हायची तारीख ठरल्यावर समजलं होतं. बराच वेळ तो ट्रॅफिकबद्दल बोलत राहिला. मग पंचशीलाने त्याच्याकडे पाहिलं.

“साहेब, ते पोरीकडून वाचून घेतलं मी,” तो म्हणाला. “तीनदा. चौदा वर्षांत एकदा तोंडाने बोलला असतात तर बरं वाटलं असतं.”

“चुकलं माझं,” असं भुवड म्हणाले, पण इतक्या हळू, की पंचशीलाला ऐकू गेलं नसावं. जीवनला गेलं. त्याने पेढ्यांचा बॉक्स त्यांच्याकडे सरकवला.

निघताना त्याने सांगितलं, की मुर्ध्याची त्याची जागा आता रिकामी झालीय आणि त्याने तिथे साहेबांचं नाव टाकलंय. जागा लहान आहे, राग मानू नका.

भुवड सोमवारी रिक्षाने मुर्ध्याला गेले. गाळ्याच्या मालकीण कमळाबाई दारातच उभ्या होत्या. संजनाने प्रोफाइलचा छापलेला कागद दिला होता, तो त्यांनी उलटासुलटा करून परत दिला.

“जीवन बोलला, मानूस पक्का हाय, पन लय वरडतो,” त्या म्हणाल्या. “वरडा. पन हितल्या बायका बी वरडतात, त्या काय ऐकून घेनार न्हाय. आदीच सांगून ठेवते.”

आत सात बायका झाकणं पुसत होत्या आणि सातही जणी हात थांबवून त्यांच्याकडे पाहत होत्या. भुवडांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि बसायचं कुठे, ते विचारलं.