कोंबडीच्या नावाचा ग्लास

“फुटला! फुटला!” तोनाला या काच कारागिरांच्या गावातल्या एका अंगणात पन्नास माणसं एकदम ओरडली. टेबलावरचा पाण्याने भरलेला ग्लास कुणी हात न लावता तडकला होता आणि रोग उतरवणारा बाबा, बंधू तिबुर्सियो, डोळे मिटून डोलत होता.

“गेली व्याधी! काचेने घेतली, काचेने नेली! आता गोळी नको, सुई नको!”

जन्मभर काच फुंकून पोट भरणारी माणसं, आणि काच तडकली म्हणून गुडघे टेकत होती! एउलालियाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या धाकट्या भावाच्या, रेफुहियोच्या, नावाचा ग्लास आठवड्यापूर्वी असाच फुटला, तेव्हापासून त्याने इन्सुलिन बंद केलं होतं. आज सकाळी त्याच्या पायाचा अंगठा काळा पडलेला तिने पाहिला होता.

ती गर्दीतून थेट पुढे घुसली. बंधूच्याच पेटीतला एक ग्लास उचलून तिने पाणी ओतलं, चिमूटभर वाळू टाकली आणि बोटाने आतून घासली.

“नाव कुणाचं घेऊ?” बंधूने हसत विचारलं.

“माझ्या कोंबडीचं.”

“बाई, काचेला श्रद्धा लागते!”

“बघू की.”

पाच मिनिटं गेली. दहा गेली. कुणीतरी शिट्टी मारली.

“ताई, घरी चल. शोभा झाली तेवढी पुरे,” रेफुहियो लंगडत येऊन म्हणाला.

तेवढ्यात फटकन आवाज झाला आणि पाणी टेबलावरून खाली ओघळलं.

“सांगा बंधू, कोंबडीची कुठली व्याधी गेली?”

मागे कुणी खुदकन हसलं. ज्या अंगठीच्या खड्याने बंधू रोज पाणी ढवळायचा, ती त्याने हळूच खिशात सरकवली.

“रेफुहियो, त्या फुटक्या ग्लासचं बूड उचल. त्यावर घडवणाऱ्याची खूण कुणाची?”

“माझीच.” त्याने बूड उलटून पाहिलं. “शंभर ग्लास नेले यांनी. काच हळूहळू निववायच्या भट्टीत घालू नका, घाई आहे, म्हणाले.”

“मग काय होतं अशा काचेचं? सांग सगळ्यांना.”

“बाहेरून आधी घट्ट होते, आतून मागाहून आकसते. ताण कोंडून राहतो.” तो खाली बघत बोलला. “आत ओरखडा पडला की पाण्याने तो पुढे पुढे सरकतो. कधी मिनिटांत फुटते, कधी तासांनी.”

“आणि तुझी साखर? ती कुठे गेली?”

एउलालिया गर्दीकडे वळली. “काच का फुटली ते काचेला विचारा. आजार गेला का, ते रक्त तपासून बघा. एवढंच मागणं आहे माझं.”

तिने पिशवीतून इन्सुलिन काढलं. रेफुहियोने सगळ्यांसमोर शर्ट वर केला.

“अंगठा वाचेल ना गं, ताई?”

“ते डॉक्टर सांगतील,” ती म्हणाली. “आधी सुई घे, मग चल.”