रिकामा फळा

आमच्या खाणीत एका नियमाला कुणी कधी फाटे फोडले नव्हते. खाली उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला पंखाघरासमोरच्या फळ्यावर लावायचा आणि वर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. फळ्यावर एक जरी बिल्ला असला, तरी खाली हवा ढकलणारा पंखा बंद करायचा नाही; तो थांबला की खाली विषारी वायू लगेच साचतो.

त्या दिवशी विक्रमी उत्पादनाचा सोहळा होता, म्हणून खाणीला सुट्टी होती. मॅनेजरसाहेबांनी टूम काढली: सगळे बिल्ले घासूनपुसून काचेच्या चौकटीत मांडायचे आणि व्यासपीठावर ठेवायचे. मी दिवेघरात काम करते, खाली जाणाऱ्यांना दिवे देते. मी म्हटलं, "साहेब, माझा दादा खाली पंपावर आहे. पाण्याला काही सुट्टी नसते. त्याचा बिल्ला तरी राहू द्या."

"चौकटीत मोकळी जागा वाईट दिसेल हो. एका दिवसाने काय आभाळ कोसळणार आहे?"

मग पाहुणे आले, हार झाले, भाषण सुरू झालं. "खाणी आणि कारखाने हा अर्थव्यवस्थेचा कणा आहे," पाहुणे म्हणाले. "इथल्या धातूवर पूल उभे राहतात, यंत्रं फिरतात, देश चालतो." खोटं काहीच नव्हतं. पण कणा माणसाच्या पाठीत असतो, हे कुणाच्या गावी नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

आणि एकदम शांत झालं. चालू पंखा आम्हाला ऐकू येत नाही, त्याची सवय झालेली असते. बंद पडला की मात्र लगेच कळतं.

मी पंखाघराकडे धावले. पंखेवाला काका म्हणाला, "भाषणात आवाज येतोय म्हणून साहेबांनी बंद करायला सांगितलं. मी फळा बघितला की! रिकामा होता."

"काका, बिल्ले तिकडे शोभेला मांडलेत! दादा खाली आहे!"

काकाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने झटक्यात दांडा ओढला. पंखा घरघरत सुरू झाला, दोघे जण खाली उतरले. मला उभंही राहवेना, बसवेना.

त्या दोघांनी दादाला दोन्ही खांद्यांना धरून वर आणलं. ओठ काळेनिळे पडले होते, पाय लटपटत होते, पण श्वास चालू होता. मला बघून म्हणाला, "रडतेस कशाला? संपलं का भाषण?"

तेवढ्यात मॅनेजरसाहेब तरातरा आले. "आला ना वर? मग झालं तर. काका, पंखा बंद करा. पाहुण्यांचे शेवटचे दोन शब्द राहिलेत."

काकाने सवयीने दांड्याकडे हात नेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांच्या कोटावर त्यांच्या नावाचा चकचकीत बिल्ला होता. तो मी खस्सकन ओढला. कोटाचं कापड टर्रकन फाटलं. भर सभेसमोरून चालत गेले आणि तो फळ्यावर लावला.

"काका," मी ओरडले, "साहेब खाली आहेत!"

काकाने साहेबांकडे पाहिलं, मग फळ्याकडे पाहिलं, आणि दांड्यावरचा हात काढून घेतला.