पोस्टरवरचं कोपर

मध्यंतर झालं तसे पहिल्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत थेट स्टेजपाशी आले आणि आत्याला म्हणाले, "बाई, तुमचे भाऊ कधी यायचेत? आम्ही दोघं खास ॲकॉर्डियन ऐकायला आलोय."

"ते हल्ली वाजवत नाहीत," आत्या म्हणाली.

"असं कसं? बाहेर पोस्टरवर तर आहेत!"

पोस्टरवर बाबा होतेच. आत्या व्हायोलिन घेऊन उभी, तिच्या डाव्या हाताला बाबा ॲकॉर्डियन पसरून, दोघंही काळ्याभोर केसांचे. फोटो माझ्या जन्माच्या आसपासचा. बाबांनी वाजवणं सोडलं त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. मानेतली एक नस दबली आणि डाव्या हाताची बोटं हुकमात राहिली नाहीत. स्वतःचा एक सूर इकडचा तिकडे झालेला ज्यांना खपत नसे, त्यांनी एके दिवशी वाद्य खोक्यात ठेवलं ते ठेवलंच. पण कार्यक्रम ठरवणाऱ्यांकडे जुना फोटो होता, आणि हाताशी आहे ते छापायचं हा त्यांचा धर्म.

मध्यंतरानंतर बऱ्याच खुर्च्या रिकाम्या दिसल्या. आजोबा मात्र बसून राहिले, बहुधा बायकोचा पाय दुखत होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी आत्या माझ्या कामाच्या खोलीवर आली. एका छापखान्याच्या डोक्यावर माझी खोली आहे. खाली मशीन सुरू झालं की टेबलावरच्या पेन्सिली आपोआप चालायला लागतात. तिथे बसून मी औषधांची खोकी, बिस्किटांची पाकिटं आणि दुकानांच्या पाट्या सजवते.

"तू बिस्किटांना चेहरा देतेस," आत्या म्हणाली. "मलाही एक दे."

तिने कापडी पिशवी उलटी केली आणि सगळा पसारा जमिनीवर ओतला. जुनी पोस्टर्स, नवी पोस्टर्स, कॅसेटचं कव्हर, सीडीचं कव्हर, व्हिजिटिंग कार्ड, तिच्या वेबसाइटच्या पहिल्या पानाची छापील प्रत. आम्ही दोघी गुडघे टेकून बघत बसलो. एक ना धड, भाराभर चिंध्या. मैना हे तिचं घरातलं लाडाचं नाव, लहानपणी तिची टकळी बंद होत नसे म्हणून पडलेलं आणि पुढे स्टेजवरही चिकटलेलं. पण एका कागदावर ती मैना होती, दुसऱ्यावर मैनाताई, तिसऱ्यावर मैनादेवी, आणि कुठल्याशा क्लबने तिला 'सूरसम्राज्ञी कुमारी मैना' करून टाकलं होतं. आत्याची नात शाळेत जाते.

"ही बघ गंमत," मी एक पोस्टर पुढे केलं. "यांनी फोटो उलटा छापलाय. तू डावखुरी झालीयेस."

"आणि या बॅनरवर तर माझ्या नावामागे गिटार आहे." ती हसली, मग हसता हसता थांबली. "लोकांना कळायला पाहिजे गं, कोण वाजवणार आहे ते. घरून निघताना कळायला पाहिजे. तिथे आल्यावर नाही."

मी कामाला लागले. नाव एक, अक्षर एक, रंग एक, फोटो एक आणि सगळीकडे तेच. सांगायला सोपं, पण पाकिटातलं बिस्किट तक्रार करत नाही, आत्या करते. 'देवी' काढलं तेव्हा ती खूश झाली. 'ताई' काढताना जरा घुटमळली.

"नुसतं मैना? उघडंबोडकं नाही वाटत?"

"तुला घरात काय म्हणतात?"

"मैना."

"मग?"

रंगावर फारशी चर्चा झाली नाही. मी आमच्या रस्त्यावरच्या भिंती बघत फेरफटका मारून आले होते. सगळी पोस्टर्स लाल नाही तर पिवळी. त्यांच्यात गडद निळा तेवढा गप्प उभा राहील आणि म्हणूनच दिसेल, असं मी म्हटलं आणि तिने मान डोलावली. 

अडलं फोटोपाशी. आत्याचे चांगले फोटो सगळे बाबांबरोबरचे होते. त्यातला सगळ्यांत जिवंत फोटो मी संगणकावर घेतला आणि कापून फक्त तिला ठेवलं. तरी तिच्या खांद्याला लागून बाबांचं कोपर आणि ॲकॉर्डियनच्या भात्याच्या दोन घड्या उरल्याच.

"राहू दे की एवढं," आत्या म्हणाली.

"आत्या, मालक नसलेलं कोपर कसं ठेवू? लोक विचारतील, हे कुणाचं?"

तिने पडद्यावरच्या कोपरावर बोट ठेवलं. मग पिशवी उचलत म्हणाली, "दादाला विचारलंस का?"

"नाही. तू विचार ना."

"मी? छे. तुझे वडील आहेत, तूच विचार." आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मी बांधायची. त्या संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून टॉर्चचं झाकण बसवायचा प्रयत्न करत होते. उजव्या हाताने फिरवायचे, डाव्याने धरायचे, आणि धरलेलं निसटायचं. मी हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. मग छपाईच्या. मग आत्याच्या तब्येतीच्या.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," ते झाकणाकडे बघतच म्हणाले. "काय ते बोल."

"आत्याची पोस्टर्स नव्याने करतेय. सगळी एकसारखी. त्यावर... तुमचा फोटो नसेल."

झाकण बसलं. त्यांनी टॉर्च पेटवून भिंतीवर उजेड पाडला आणि विझवला.

"अजून आहे का माझा फोटो?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं, केव्हाच काढला असेल." 

 मग ते जेवले, भांडी विसळायला मला मदत केली आणि लवकर झोपायला गेले. मला वाटलं, लागलं त्यांना. लागलं होतंच. पण सकाळी मी खोलीवर पोचले तर बाबा माझ्या आधी जिन्यावर हजर, हातात स्वतःचा चष्मा आणि माझ्या आईचं भिंग.

"दाखव काय करतेयस."

मी सगळं मांडून दाखवलं. जमिनीवरचा जुना पसाराही अजून तसाच होता. ते एकेका कागदावर भिंग धरून फिरले.

"हा फोटो मीच दिला होता. हाही. ही 'देवी' माझीच कल्पना. तेव्हा सगळ्या कलाकार देव्या होत्या, मग आपली का नको म्हटलं." जराही ओशाळल्याशिवाय ते म्हणाले, "जो मागेल त्याला हाताला येईल ते द्यायचो. वाजवायचं की कागद सांभाळायचे?"

"आता एकच फोटो द्यायचा," मी म्हटलं. "तो मात्र नवा काढावा लागेल."

माझी फोटोग्राफर मैत्रीण आहे. तिच्या स्टुडिओत एक पांढरी भिंत आणि एक मोठी खिडकी, बाकी काही नाही. ठरल्या दिवशी आत्या साधा करडा पोशाख घालून आली आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहताच लाकूड झाली. हनुवटी वर, डोळे मोठे, पासपोर्टला उभी राहावी तशी.

"वाजवा ना," मैत्रीण म्हणाली.

आत्याने वाजवायला घेतलं आणि चेहरा सैल पडला. पण नजर सारखी डावीकडे. मैत्रीण सांगायची, "इकडे, माझ्याकडे." आत्या दोन सूर तिच्याकडे बघायची की पुन्हा डावीकडे. तिथे रिकामी भिंत होती. आयुष्यभर डावीकडे बाबा उभे असायचे आणि कुठे थांबायचं, कुठे उचलायचं हे ती त्यांच्या भुवईवरून ओळखायची. तिचं तिलाही हे माहीत नव्हतं.

मला वाटलं, उपाय सापडला. बाबा कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. मी त्यांना उठवून आत्याच्या डाव्या बाजूला, चौकटीच्या बाहेर, उभं केलं. आत्या त्यांच्याकडे बघून वाजवायला लागली आणि काय सांगू, इतकी सुंदर दिसली! मैत्रिणीने भराभर फोटो घेतले. आम्ही सगळे पडद्याभोवती जमलो. मैत्रीण म्हणाली, "झालं, मिळाला." मीही मनातल्या मनात तो फोटो निळ्या पोस्टरवर बसवून टाकला होता.

"हा नको," बाबा म्हणाले.

"का रे दादा?" आत्याने विचारलं.

"यात तू कुणाची तरी वाट बघतेयस असं दिसतंय. येणार नाही तो आता."

 आत्याचा चेहरा उतरला. बाबांनी स्टुलावरची टोपी उचलली.

"मी चहा पिऊन येतो," म्हणाले, आणि दार ओढून निघून गेले.

आत्या त्या दाराकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, रडणार. पण तिचे कान लाल झाले होते.

"नेहमी असंच!" ती कडाडली. "लहानपणापासून! एक वाक्य टाकायचं आणि उठून जायचं! वाजवणं सोडलं तेव्हा तरी मला विचारलं का? मला जेवताना सांगितलं, मीठ मागावं तसं! आणि वर मलाच सांगतोय, मी वाट बघतेय म्हणून!"

"आत्या, पाणी देऊ?"

"पाणी नको." तिने व्हायोलिन हनुवटीखाली खसकन घेतलं. "मी वाट बघतेय काय? बघ आता."

आणि तिने वाजवायला घेतली ती बाबांची चाल. त्या दोघांच्या जुन्या तुकड्यातला ॲकॉर्डियनचा भाग, जो तिने कधीच वाजवला नव्हता, नुसता शेजारी उभं राहून ऐकला होता. व्हायोलिनवर तो नीट बसत नव्हता. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा तिथेच स्वतःला सोयीची वाट काढून पुढे गेली. भिंतीकडे बघितलं नाही की दाराकडे नाही. सरळ समोर बघत होती, जणू समोरच्याशी तिचं भांडण आहे आणि ती ते जिंकत आली आहे. मैत्रीण काहीही न बोलता फोटो घेत राहिली.

बाबा परत आले तेव्हा आम्ही पडद्यावर तोच एक फोटो लावून बसलो होतो. त्यांनी भिंगसुद्धा काढलं नाही.

"हा," ते म्हणाले.

"चहा कसा होता?" आत्याने विचारलं.

"पाणचट."

"बरं झालं."

त्यानंतर काम भरभर झालं. निळा रंग, वर नुसतं 'मैना', खाली 'व्हायोलिन' आणि मध्ये समोर बघणारी आत्या. पोस्टर, कार्ड, वेबसाइट, सीडी, कार्यक्रमाची पत्रिका, सगळीकडे तेच. कुठे काय कसं वापरायचं याचं एक पानही मी नीट टाईप करून काढलं. बाबांनी ते वाचलं आणि परत दिलं.

"छान आहे. कुणी वाचणार नाही."

"का?"

"मी नसतं वाचलं. हे लोक अशी पानं बघतसुद्धा नाहीत. घाईत असतात, झेरॉक्स मारतात. तुझा निळा तिथे काळा होणार. काळ्यात बघितलंस का कसं दिसतं?"

मी बघितलं नव्हतं. खाली जाऊन झेरॉक्स काढली तर आत्याचा करडा पोशाख आणि मागचा निळा काळ्यात एक होऊन नुसतं एक डोकं तरंगत होतं. मला मागची बाजू उजळ करावी लागली.

"आणि पानाचं म्हणशील तर," बाबा म्हणाले, "त्यावर माझा फोन नंबर घाल. छापायच्या आधी मला दाखवा म्हणावं."

मी घातला. मला वाटलं, चार दिवसांचा उत्साह असेल. पण बाबा त्या कामात असे शिरले की आई म्हणायला लागली, वाजवत होते तेव्हा निदान रियाझ संपायचा तरी. रोज कुणाचा ना कुणाचा फोन. "देवी काढा. हो, माहितीये आदराने घातलंय, आदर भाषणात दाखवा." "गुलाबांची चौकट कशाला? लग्न आहे का?" एका आयोजकाने आत्याचं नाव जरा उठावदार दिसावं म्हणून सोनेरी केलं होतं. त्याच्याशी बाबा इतका वेळ आणि इतक्या शांतपणे बोलले की शेवटी तोच कंटाळून म्हणाला, तुम्ही पाठवाल ते छापतो. पूर्वी हेच बाबा हाताला येईल तो फोटो देत, याची आठवण मी त्यांना करून दिली नाही.

वसंतात आत्याचा मोठा कार्यक्रम झाला. वाटेतल्या भिंतींवर ती रांगेने दिसत होती, तीच, तशीच, एकापुढे एक. हॉल भरला असं म्हणणार नाही, मागच्या दोन रांगा मोकळ्या होत्या. पण आले होते ते व्हायोलिन ऐकायला आले होते आणि शेवटपर्यंत बसले. आत्याने खुर्ची स्टेजच्या मधोमध ओढून घेतली होती. आणि बाबांची ती चाल, स्टुडिओत चुकतमाकत शोधलेली, तिने उत्तरार्धात पूर्ण वाजवली, आता व्हायोलिनची होऊन गेलेली.

बाबा माझ्या शेजारी बसले होते. सुरुवातीला पत्रिकेवर बोट ठेवून माझ्या कानात कुजबुजले, "इथे अक्षरं सुटी पडलीत बघ," आणि मागच्या बाईंनी शुक् केलं. ती चाल सुरू झाली तेव्हा त्यांनी पत्रिका खिशात घातली. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. मग डाव्या हाताचीही हलायला लागली, जमतील तशी, जरा मागून. मी तिकडे बघितलं नाही.

घरी जाताना गाडीत आत्या पुढे बसली होती. तिने मागे न वळता विचारलं, "कसं झालं दादा?"

"मधे घाई केलीस."

"तू तिथे नेहमी रेंगाळायचास."

"रेंगाळायचो नाही, श्वास घ्यायचो."

"मग मला नाही लागत तिथे श्वास," आत्या म्हणाली, आणि खिडकीची काच खाली केली.

बाबा हसले. "हो," म्हणाले, "तेही बरोबर."