मास्तरांच्या जिभेची टकटक

मी शारोप बोलतोय. तेजू नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत माझ्याइतका शिकलेला घोडा तुम्हाला सापडायचा नाही. आता खरं सांगायचं तर माझं शिक्षण निम्म्यावरच राहिलं. चौखूर धावताना डावीकडून उजवीकडे पाय बदलायची विद्या मी घेतली, आणि उजवीकडून डावीकडची घेणार, तोच शिकवणारे गुरुजी वारले. तेव्हापासून मला एकाच बाजूचं येतं. पुष्कळ मोठमोठ्या माणसांचंही तसंच असतं, म्हणून मी मनाला लावून घेत नाही.

आमच्याकडे एका वर्षी जन्मलेल्या सगळ्या शिंगरांची नावं एकाच अक्षरावरून ठेवतात. माझ्या वर्षीचं अक्षर अडनिडं, त्यातून मी उशिरा जन्मलो. बरी बरी नावं आधीच्यांनी पळवली होती. मालकाला खोकला झाला होता आणि हातात बाटली होती, म्हणून मी शारोप झालो. शारोप म्हणजे खोकल्याचं औषध. जन्मलो तेव्हा काळाकुट्ट होतो, आता पांढराशुभ्र आहे. लोक म्हणतात वयानं झालं. मी म्हणतो माणसांनी केलं.

गुरुजी गेल्यावर मला आन्सेल्मो मास्तरांनी विकत घेतलं. मास्तरांचा धंदा असा, की लोकांची तरणी घोडी आणायची, ती मिरवायला तयार करायची, आणि मग त्या लोकांना त्यांच्यावर बसायला शिकवायचं. पहिलं काम सोपं. घोडी शिकतात.

जो येईल तो आधी माझ्या पाठीवर. म्हणजे मी या शाळेची पाटी. माझा पहिला धडा ठरलेला. खोगिराचा पट्टा, म्हणजे तंग, आवळताना मी पोट फुगवून धरायचो आणि स्वार बसला की श्वास सोडायचो. खोगीर हळूहळू कलायचं, त्याच्याबरोबर वकील कलायचे, दारूचे व्यापारी कलायचे. एक कर्नल तर सलाम ठोकता ठोकता कलला. तंग दोनदा तपासावा हे त्यांपैकी कुणीही पुन्हा विसरलं नाही.

मास्तरांचा नियम मात्र कडक होता. माझ्यावर जागेवरची दुडकी जमल्याशिवाय नोव्हेंबरच्या घोड्यांच्या जत्रेत कुणी मिरवायचं नाही. जागेवरची दुडकी म्हणजे पुढे न सरकता तालात एकेक पाय उचलायचा. स्वारानं त्यासाठी पाठ सैल सोडायची, श्वास खाली उतरू द्यायचा आणि पोटऱ्या नुसत्या टेकवायच्या. काहीच न केल्यासारखं दिसतं, आणि काहीच न करणं माणसाला जमत नाही.

मग गिऱ्हाईक रडवेलं झालं की मास्तर भिंतीला टेकायचे आणि टाळूला जीभ लावून हळूच करायचे, टक् टक्. तो हुकूम मला बालपणापासून ठाऊक. मी नाचायचो. वर बसलेल्याला वाटायचं, जमलं! मास्तर म्हणायचे, वाहवा! मला साखरेचा खडा मिळायचा. तिघंही खूश. शाळा अशीच चालली, आणि साखर गोड असल्यामुळे मीही कधी तक्रार केली नाही.

मग ओफेलियाबाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, दातांच्या डॉक्टर. पहिल्याच दिवशी बसायच्या आधी माझा ओठ उचलून म्हणाल्या, "या गृहस्थांचं डावीकडचं दुखतंय. लगाम ओढायला नको." त्या दिवशी मी पोट फुगवलं नाही. चुकून राहिलं असेल.

बाईंनी एक तरणा घोडा घेतला होता, पावांव नावाचा. पावांव म्हणजे मोर. दिसायला नावासारखाच, डोक्यानंही तसाच. जत्रेत त्याच्यावर बसून जायचं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. जत्रा जवळ आली म्हणून मास्तरांनी त्यालाही घाईत टकटकीवरच शिकवून टाकलं.

एका सकाळी मास्तरांची बायको, आमची मालकीण झुल्मिरा, अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. ती त्यांना जिभेनंच बोलावते, टक् टक् टक्. आणि शेजारच्या ठाणात पावांव एकटाच नाचायला लागला! मला आधी हसू फुटलं. मग ते विरलं. मी जत्रा पाहिल्या आहेत. तिथे गाडीवाले, खेचरवाले, पोरंटोरं, सगळे जिभेनं टकटकत असतात. त्या गर्दीत हा मोर ज्याच्या त्याच्या हुकमावर उसळणार, आणि वर बाई. त्यांना वाटतंय की घोडा आपलं ऐकतो.

जत्रेआधीचा शेवटचा धडा होता. झुल्मिरा भाजलेल्या चेस्टनटची टोपली घेऊन कठड्याशी बसली होती. बाई माझ्यावर. मास्तर भिंतीला टेकले.

टक् टक्.

मी उभा.

टक् टक्! "चल की रे म्हाताऱ्या," मास्तर पुटपुटले.

मी शेपूट उचललं आणि जे करायचं ते सावकाश केलं.

"आन्सेल्मो," झुल्मिरा टरफल सोलत म्हणाली, "कोंबड्या मी केव्हाच कोंडल्या. तू कुणाला बोलावतोयस?"

बाईंनी वळून पाहिलं. "मास्तर, तो आवाज तुमचा होता?"

"घसा हो, डॉक्टरीणबाई. घसा साफ करत होतो."

"मी दिवसभर लोकांच्या तोंडात बघते. जीभ कुठे लागली की कसला आवाज येतो, ते मला नका सांगू. कधीपासून चाललंय हे?"

झुल्मिराच म्हणाली, "पहिल्यापासून, बाई."

बाईंचे हात माझ्या मानेवर होते. त्यांनी एक पाय रिकिबीतून काढला. मला वाटलं, आता या उतरणार, पावांवला घेऊन जाणार, आणि गावभर सांगणार. मग या शाळेत कोण येईल? साखर सोडा, गवतालाही महाग होऊ. चांगला खोडसाळपणा केलास, शारोप!

बाई उतरल्या नाहीत. "झुल्मिराबाई, एक चेस्टनट द्या त्यांना. मोठा बघून. मास्तर, आ करा."

"अहो, पण..."

"आणखी मोठा. हं. मिटा. मी सांगेपर्यंत चावायचं नाही."

गाल फुगवून मास्तर गप्प उभे राहिले. मग बराच वेळ काहीच झालं नाही. बाईंनी टाच लावली, मी हललो नाही. लगाम आवळला, सोडला, मी हललो नाही. आज फुकटची मदत बंद होती. शेवटी त्या दमल्या. जत्रा, मोर, लोक, सगळं बहुतेक डोक्यातून गेलं असावं. पाठ सैल झाली. त्यांचा श्वास खोगिरातून माझ्या पाठीत उतरला, आणि माझा मागचा डावा पाय उचलला गेला. मग उजवा. दोनच पावलं. माझ्या आयुष्यातली लाखो पावलं मी स्वतः टाकली, ही दोन मात्र माझ्याकडून कुणीतरी मागून घेतली. मागणं एवढं हलकं असू शकतं, हे मला या वयात कळलं.

आता पावांव घरीच राहणार आहे. त्याची टकटक विसरवायला हिवाळा जाईल. जत्रेला बाई मला नेणार. उद्याच निघायचंय. माझी शेपटी धुऊन झाली आहे आणि मी आधीच चिखलात एकदा लोळून घेतलंय. तुम्ही आलात आणि पाठीला बाक आलेला एक पांढरा म्हातारा दिसला, तर एवढंच करा. जिभेला आवर घाला. साखर आणलीत तर ती उजव्या बाजूनं द्या, डावीकडचं अजून दुखतं.

त्या दिवशीचं शेवटचं मात्र सांगायचं राहिलं. माझी दोन पावलं पडली, जत्रेला याच्यावरच जाईन असं बाई म्हणाल्या, तसे मास्तर चेस्टनट तोंडातून काढून म्हणाले, "दोन पावलं, बाई! दोन पावलांवर जत्रेला निघालात? लोक म्हणतील, आन्सेल्मोच्या शिष्येला दोनच येतात!"

बाई माझी मान थोपटत होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"दोन का होईनात, माझी आहेत. तुमच्या बाकीच्या शिष्यांची स्वतःची किती होती, मास्तर?"